आधी कॅमेरा, मग आयपीस : फ्लिप मिरर बसवताना

दुर्बिणीच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, गुरू अगदी मधोमध आहे. चारही चंद्र ओळीत दिसताहेत. तुम्ही हलक्या हाताने आयपीस काढता, त्या जागी कॅमेरा बसवता आणि लॅपटॉपकडे पाहता, तर स्क्रीन काळी कुट्ट. दुर्बीण जराशी इकडे, जराशी तिकडे, तरी काही नाही. गुरू कॅमेऱ्याच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या बाहेर गेलाय, की चिपवरच आहे पण फोकस इतका बिघडलाय की नुसता फिकट धूर झालाय, हेही कळत नाही. मग कॅमेरा काढा, आयपीस लावा, फोकस करा, गुरू मध्यावर आणा, आयपीस काढा. माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या सहा रात्री ह्याच कवायतीत गेल्या. शेजारच्या गच्चीवरून आजोबांनी विचारलं, "काय पाहून राहिली बाई एवढ्या थंडीत?" खरं उत्तर होतं, काळी स्क्रीन.

ह्या दुखण्यावरचा एक जुना, साधा आणि बिनविजेचा उपाय म्हणजे फ्लिप मिरर. तो काय करतो, कोणी घ्यावा, आणि मुख्य म्हणजे बसवायचा कसा, ते इथे सांगते. बसवण्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात आणि मग "काही कामाचा नाही" म्हणून कपाटात टाकतात.

गुरू का हरवतो?

आधी थोडं गणित. माझी दुर्बीण आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन (मागे मोठा आरसा, पुढे काच, अशी आखूड नळीची), नाभीय अंतर २०३२ मिमी (हे जितकं लांब तितकं चित्र मोठं). तिला २५ मिमीचा साधा प्लॉसल आयपीस लावला की ८१ पट मोठं दिसतं आणि आकाशाचा साधारण ३७ कलांचा गोल नजरेत मावतो (एका अंशात ६० कला). पूर्ण चंद्र ३१ कलांच्या आसपास असतो, म्हणजे तो बसून कडेला जागा उरते. आता त्याच दुर्बिणीला ग्रहांसाठीचा छोटा कॅमेरा लावा, ज्याची चिप ४.८ बाय ३.६ मिमी आहे. आकाशाचा तुकडा उरतो ८ बाय ६ कलांचा. त्यात चित्र दुप्पट मोठं करणारा बार्लो (वाटेत घालायचं एक भिंग) घातला तर ४ बाय ३ कला. क्षेत्रफळ काढलं तर आयपीसला दिसणाऱ्या आकाशाच्या नव्वदाव्या हिश्श्याएवढं. अशा खिडकीत गुरू आणायचा, आणि तोही आयपीस काढताना बसलेल्या धक्क्यानंतर! हरवेल नाही तर काय.

डबीत आहे काय

फ्लिप मिरर म्हणजे एक चौकोनी डबी. पुढच्या तोंडातून दुर्बिणीचा प्रकाश आत येतो. मागच्या तोंडाला कॅमेरा, वरच्या तोंडाला आयपीस. मधे ४५ अंशात तिरपा आरसा, बिजागरीवर बसवलेला, बाहेर त्याची मूठ. आरसा खाली असेल तर प्रकाश वळून आयपीसकडे जातो. मूठ फिरवली की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सरळ कॅमेऱ्यात.

नागपूरकरांना हे रेल्वेच्या भाषेत सांगायला सोपं आहे. आपलं डायमंड क्रॉसिंग सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे गाडी रूळ बदलत नाही, नुसती ओलांडून जाते. फ्लिप मिरर म्हणजे सांधा. सांधा पाडला की तीच गाडी दुसऱ्या रुळावर. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या आतही नेमका असाच आरसा असतो, त्यामुळे कल्पना काही नवी नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. ह्याने गायडिंग, म्हणजे फोटो चालू असताना एका ताऱ्यावरून दुर्बीण जागेवर राखणं, होत नाही. आरसा खाली तर सगळा प्रकाश आयपीसला, वर तर सगळा कॅमेऱ्याला. फोटो चालू असताना ताऱ्यावर नजर ठेवायची असेल तर ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर हे वेगळं उपकरण लागतं. दिसायला दोन्ही डब्या सारख्याच, म्हणून घेताना गफलत होते.

घ्यावा की नाही

माझं मत स्पष्ट आहे. तुमचा माउंट (दुर्बीण पेलणारी बैठक) मोटरचा असेल, लॅपटॉप फोटोतले तारे ओळखून दुर्बीण आपोआप जागेवर नेत असेल आणि कॅमेऱ्याची चिप मोठी असेल, तर ह्यावर पैसे घालू नका. छोट्या चिपचा कॅमेरा, लांब नाभीय अंतर आणि ग्रह-चंद्राची हौस हे तीन जुळले तर मात्र जरूर घ्या. घरी येणाऱ्यांना गुरू दाखवायचा आणि मधेच फोटोही काढायचा, अशांनाही बरा. एरवी आमची गत 'दात आहेत तर चणे नाहीत' अशीच असते, पाहुणे आले की कॅमेरा लावलेला आणि कॅमेरा हवा तेव्हा पाहुणे आयपीसला चिकटलेले.

न्यूटोनियन किंवा डॉब्सोनियन (आयपीस नळीच्या कडेला असलेली आरशाची दुर्बीण) असेल तर थांबा. ही डबी प्रकाशाच्या वाटेतले साधारण ६० ते ९० मिमी खाते. श्मिट-कॅसेग्रेन आणि तिच्यासारख्याच माक्सुटोव्ह दुर्बिणींत मुख्य आरसाच पुढेमागे सरकतो, त्यामुळे त्यांना हे सहज पेलतं. अपवर्तक, म्हणजे भिंगाच्या, दुर्बिणीत बहुतेकदा एखादी एक्स्टेंशन नळी काढली की जमून जातं. न्यूटोनियनचा फोकसर (फोकस जुळवायचा भाग) मात्र इतका आत जातच नाही, आणि कॅमेरा कधी फोकसमध्ये येत नाही. बार्लो डबीच्या आधी लावून निभवता येतं, पण मग आयपीसमध्येही सगळं मोठं दिसतं आणि शोधण्याची सोयच जाते.

घेताना चार गोष्टी बघा, बाकी रंगरूप राहू द्या. आरशाची तिरपाई कमीजास्त करणारे स्क्रू हवेतच. कॅमेऱ्याच्या बाजूला आट्यांची जोडणी हवी, नुसत्या अंगठ्याच्या स्क्रूवर कॅमेरा लोंबकळतो. आयपीसची नळी वर-खाली करून घट्ट करता यायला हवी. आणि मूठ दहा वेळा फिरवली तरी आरसा दर वेळी त्याच जागी टेकायला हवा. व्हिक्सन आणि बाडर ह्या कंपन्यांच्या डब्या जुन्या आणि माहितीतल्या. सव्वा इंची डबी ग्रहांच्या कॅमेऱ्याला पुरते. डीएसएलआर लावणार असाल तर दोन इंची घ्या, नाहीतर फोटोचे कोपरे काळवंडतात.

आट्यांबद्दल माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. कॅमेऱ्याच्या बाजूची टी-२ आटी म्हणजे ४२ मिमी व्यास आणि ०.७५ मिमी पिच (शेजारच्या आट्यांमधलं अंतर). मला १५ मिमीची एक जोडनळी हवी होती. बाहेरून मागवायला महिना लागतो म्हणून एका लेथवाल्या दादांकडून करून घेतली आणि पिच सांगायलाच विसरले. त्यांनी सरळ १ मिमीची काढली. दोन फेरे गेले आणि नळी अडकून बसली. ४२ मिमीला १ मिमी पिच ही जुन्या कॅमेरा लेन्सची आटी आहे, म्हणजे चूक त्यांची नव्हतीच. दुर्बिणीच्या बाजूची आटी आणखी वेगळी, श्मिट-कॅसेग्रेनला दोन इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. कागदावर लिहूनच न्या.

फोकल रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग) वापरणाऱ्यांनी हेही मोजावं. एफ/६.३ चा रिड्यूसर चिपपासून सुमारे १०५ मिमीवर असावा लागतो. डीएसएलआर आणि त्याची टी-रिंग (कॅमेरा जोडायचं कडं) मिळून ५५ मिमी घेतात. उरतात ५०, आणि त्यात डबी मावत नाही. छोटा कॅमेरा १२.५ किंवा १७.५ मिमीच घेतो, त्याच्याबरोबर जमू शकतं.

बसवणे : दिवसाउजेडी, सकाळी लवकर

पहिल्यांदा हे काम रात्री करायला जाऊ नका. सकाळी सहा-साडेसहाला गच्चीवर जा. नऊ-दहा वाजले की आपल्याकडच्या उन्हात लांबचं सगळं पाण्यात पाहिल्यासारखं हलायला लागतं आणि फोकस ठरवता येत नाही. किमान एक किलोमीटरवरचा मोबाईल टॉवर निवडा. समोरच्या फ्लॅटच्या दिशेने दुर्बीण वळवू नका, समजावून सांगता सांगता सकाळ जाते. आणि सूर्य तुमच्या पाठीशी असू द्या. दुर्बीण चुकूनही त्याच्याकडे फिरणार नाही, अशा बाजूचाच टॉवर घ्या.

आता जोडणी. दुर्बीण, मग डबी, मग मागे बार्लो आणि कॅमेरा, वर आयपीस. बार्लो वापरणार असाल तर तो डबीच्या मागे, कॅमेऱ्याच्या बाजूलाच. म्हणजे आयपीसला मोठं आकाश राहतं आणि कॅमेऱ्याला मोठा गुरू. एक धोका इथे आहे. बार्लोचं नळकांडं डबीत जास्त आत घुसलं तर आरसा उचलताना त्यावर आपटतो. मूठ पहिल्यांदा फिरवाल ती अगदी सावकाश, कानाने ऐकत. कट्ट आवाज आला तर थांबा आणि बार्लो बाहेर ओढा.

ज्या जोडणीने रात्री फोटो काढणार, नेमकी तीच जोडणी आत्ता हवी. "बार्लो रात्री लावू" असं केलंत तर सगळी मेहनत वाया, कारण बार्लोने फोकसची जागा बदलते.

पुढचा क्रम उलटा करू नका.

आरसा वर. कॅमेरा चालू. दुर्बिणीचा फोकस फिरवून टॉवरचा एखादा अँटेना स्क्रीनवर लख्ख करा. हा फोकस झाला की आता दुर्बिणीच्या फोकसरला हात लावायचा नाही. गच्चीवर आलेल्या भाच्यालाही लावू द्यायचा नाही.

आरसा खाली. आयपीसमध्ये पाहा. बहुधा धुरकट दिसेल. आता आयपीस त्याच्या नळीत हळूहळू वर ओढत जा आणि जिथे चित्र स्पष्ट होईल तिथे घट्ट करा. आयपीसच्या नळीभोवती बसणारं एक कडं मिळतं, पारफोकल रिंग. ते तिथे कसून टाका, म्हणजे आयपीस काढून परत घातला तरी त्याच उंचीवर टेकेल. कडं नसेल तर नेलपेंटची रेघ मारा. मी दोन्ही करते.

कधी असं होतं की आयपीस पूर्ण आत ढकलला तरी स्पष्ट होत नाही, आणखी आत जायला हवा असतो. तिथे नवखे हात टेकतात. उपाय दुसऱ्या टोकाला आहे. कॅमेरा मागे न्या, म्हणजे डबी आणि बार्लोच्या मधे १०-१५ मिमीची जोडनळी घाला. मग कॅमेऱ्याचा फोकस पुन्हा करावा लागेल, त्याबरोबर आयपीसची फोकसची जागाही वर सरकेल आणि तो टप्प्यात येईल. (ती अडकलेली नळी मला ह्यासाठीच हवी होती.) उलट आयपीस निसटेपर्यंत वर ओढावा लागत असेल तर कॅमेऱ्याकडची एखादी नळी काढा.

आयपीसच्या जागेपासून सुरुवात करून कॅमेरा जुळवायला गेलात तर का फसता, तेही सांगते. कॅमेरा आट्यांनी पक्का असतो, सरकत नाही. आयपीस सरकतो. जो सरकत नाही त्याला आधी बसवायचं आणि जो सरकतो त्याला त्याच्या मागे न्यायचं. एवढं डोक्यात राहिलं तर हा लेख हाताशी नसला तरी चालेल.

फोकस जुळला. आता मध्य जुळवायचा. आरसा वर करून टॉवरवरचा एखादा बारीक, ओळखीचा ठिपका कॅमेऱ्याच्या चित्रात बरोबर मध्यावर आणा. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फुली दाखवायची सोय असते, शार्पकॅप ह्या प्रोग्राममध्येही आहे. आरसा खाली करा. तोच ठिपका आयपीसमध्ये कुठे आहे? मध्यावर नसेल तर डबीचे तिरपाईचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत त्याला आयपीसच्या मध्यावर आणा. इथे फुलीचा आयपीस असेल तर उत्तम. नसेल तर जुन्या आयपीसच्या आतल्या कड्यावर विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या दोन बारीक तारा आडव्या-उभ्या चिकटवा. डोळ्याच्या अंदाजाने "मध्य" ठरवू नका. बार्लोसकट चिपच्या मध्यापासून कड दीड कलेवर आहे, अंदाज तेवढा चुकतोच.

मग आरसा वर, खाली, वर, खाली. दहा वेळा. दर वेळी ठिपका जागेवर येतो का पाहा. येत असेल तर काम झालं.

स्क्रू नसलेली स्वस्त डबी आधीच गळ्यात पडली असेल तरी निराश होऊ नका. ठिपका कॅमेऱ्यात मध्यावर असताना आयपीसमध्ये तो जिथे दिसतो ती जागा लक्षात ठेवा, समजा "मध्याच्या थोडं उजवीकडे, वर". रात्री गुरू त्याच जागी आणायचा. फक्त आयपीस नळीत फिरता कामा नये.

चित्र पाहून गोंधळू नका. आयपीसमध्ये टॉवर सुलटा दिसतो पण डावं-उजवं बदललेलं, आणि कॅमेऱ्यात तो, कॅमेरा जसा बसवलाय त्याप्रमाणे, सुलटा किंवा फिरलेला दिसतो, पण आरशातल्यासारखं डावं-उजवं बदललेलं नसतं. एका आरशाचा फरक आहे. चंद्रावरची विवरं नकाशाशी जुळवताना हे आठवलं नाही की तासभर डोकं खाजवत बसावं लागतं.

रात्री

दुर्बीण निदान तासभर आधी बाहेर ठेवा. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री ती ऊब वर सोडतो, गुरू उकळत्या पाण्यात असल्यासारखा थरथरतो. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची आपली सवय इथे थोडी कामाला येते, पण ते सूर्यास्तालाच मारा आणि वाळू द्या. खालच्या कूलरची हवा जिथे वर येते तिथे तिपाई नको. अंगणात माती किंवा गवत असेल तर गच्चीपेक्षा ते बरं. आपले खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पहिल्या रात्री सुरुवात चंद्रापासून करा, शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमारास. कोजागिरीचा चंद्र दुधात पाहायला छान, पण सगळीकडून उजेड पडल्याने विवरांच्या सावल्या नाहीशा होतात. चंद्र चुकायचं भय नाही. आरसा वर केला की काहीतरी दिसणारच, आणि फोकस ताजा करता येतो. सकाळचा फोकस रात्री थोडा हलवावा लागतोच. २०३२ मिमीच्या दुर्बिणीत एक किलोमीटरवरच्या टॉवरची प्रतिमा आकाशातल्या वस्तूपेक्षा सुमारे ४ मिमी मागे पडते. चांगली गोष्ट अशी की कॅमेरा आणि आयपीसमधलं नातं त्यामुळे बिघडत नाही. एकाला लख्ख केलं की दुसराही लख्ख.

श्मिट-कॅसेग्रेनवाल्यांसाठी एक सवय. फोकसची शेवटची हालचाल नेहमी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने करा. त्याने मुख्य आरसा गुरुत्वाच्या विरुद्ध वर ढकलला जातो आणि टेकून राहतो. नाहीतर तो हळूच कलंडतो, चित्र बाजूला सरकतं आणि तुम्ही बिचाऱ्या फ्लिप मिररला दोष देता.

चंद्रावरून गुरूकडे. आधी फाइंडर (दुर्बिणीवरची छोटी शोधदुर्बीण), मग आयपीस, फुलीवर गुरू. मूठ फिरवताना दार आपटल्यासारखी फिरवू नका, दोन बोटांनी, सावकाश. मग दोन-तीन सेकंद थांबा, हादरा विरू द्या. स्क्रीनवर गुरू असेल. काळं दिसलं तर घाबरून स्क्रू फिरवू नका. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि गेन (चित्र उजळ करायची सेटिंग) वाढवा. बऱ्याचदा गुरू तिथेच असतो, नुसता अंधुक. वर आयपीसचं तोंड झाकणाने बंद करा, शेजारच्या जिन्यातला दिवा तिथून आत शिरून चित्र फिकट करतो. गुरू स्वतःभोवती सुमारे ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, त्यामुळे एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांच्या पुढे नको, तपशील पुसट होतात.

डोक्यावरचा गुरू

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर) होता, मिथुन राशीत, आणि मध्यरात्री आपल्या बरोबर डोक्यावरून, जेमतेम अंशभराच्या फरकाने गेला. फोटोसाठी ह्याहून चांगलं काय? हवेचा थर सगळ्यात पातळ, कडांना लाल-निळी झालर नाही. फ्लिप मिररवाल्यांची मात्र इथेच पंचाईत होते. दुर्बीण सरळ वर वळली की डबी, बार्लो आणि कॅमेरा अशी हातभर शेपटी खाली लोंबते आणि फोर्क (दोन बाहूंच्या) किंवा एका बाहूच्या माउंटच्या पायाला धडकते. माझा कॅमेरा असाच अडकला, मोटर कुरकुरत राहिली आणि मी आयपीसमध्ये गुरू का सरकत नाही ह्याचा विचार करत बसले.

तेव्हा हे करा. नळी क्लॅम्पमध्ये शक्य तितकी पुढे सरकवा, त्याने शेपटीचं वजनही तोलतं. हँड कंट्रोलमध्ये वरच्या कोनाची मर्यादा घालता येते, मी ७० अंशांवर ठेवते. दुर्बीण दिवसा हाताने उभी करून किती अंशाला टेकते ते एकदा पाहूनच आकडा ठरवा. आणि गुरू माथ्यावर यायच्या निदान दीड तास आधी किंवा नंतर फोटो काढा, तेवढ्यात हवेचा काही फारसा फरक पडत नाही. जर्मन इक्वेटोरियल माउंटवर (पृथ्वीच्या आसाशी जुळवलेली, प्रतिवजनाची बैठक) हा प्रश्न कमी, पण मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून दुर्बीण पालटली की मध्य पुन्हा एकदा तपासा.

शहरातून चंद्र, ग्रह आणि जोडतारे पुरेसे होतात. मृगातल्या तेजोमेघाचा नाद लागलाच तर पेंच जवळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. तिथे परवानगीच्या जागीच थांबा, रस्त्याकडेला मनाने तिपाई लावू नका, वाघाचं जंगल आहे. लांब एक्स्पोजरच्या फोटोसाठी मी तिथे डबी नेतच नाही. जितकी जोडणी कमी तितकं लचकणं कमी.

सूर्य

डबीतला आरसा वर असला तरी डोळ्याचं रक्षण होत नाही, एका चुकीच्या झटक्याने तो खाली येतो. सूर्याकडे दुर्बीण न्यायची तर पुढच्या तोंडावर पूर्ण मापाचा सूर्यफिल्टर हवा आणि फाइंडर झाकलेला हवा. आयपीसला लावायचे छोटे सूर्यफिल्टर उष्णतेने तडकतात, ते फेकून द्या.

पावसाळ्याआधी

जूनमध्ये डबी उतरवताना प्रत्येक जोडणीवर नेलपेंटची आडवी रेघ मारा, दोन्ही भागांवरून जाणारी. ऑक्टोबरमध्ये रेघेला रेघ जुळवली की सकाळचं अर्धं काम वाचतं. आरशावर धूळ असेल तर हवेच्या फुग्याने उडवा, ओढणीने पुसू नका, आरशाचा चकाकता थर समोरच्या बाजूलाच असतो आणि ओरखडा कायमचा राहतो. तिन्ही तोंडांना झाकणं लावून डबा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. माझी डबी पोह्यांच्या रिकाम्या डब्यात असते. तो डबा घरातल्यांनी पुन्हा पोह्यांसाठी उघडू नये म्हणून त्यावरही नेलपेंटनेच लिहिलंय.